तीन तारे ते दहापैकी दहा : एका अल्बमच्या परीक्षणांचा प्रवास

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या समीक्षेची चर्चा निघाली की एका अल्बमचे उदाहरण हमखास दिले जाते. ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या अमेरिकेतील प्रयोगशील इंडी रॉक बँडचा ‘इन दि एअरोप्लेन ओव्हर दि सी’ हा अल्बम फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘रोलिंग स्टोन’ या मातब्बर नियतकालिकाने त्याला पाचपैकी तीन तारे दिले. ‘पिचफोर्क’ या त्या वेळी नवख्या असलेल्या संकेतस्थळाने दहापैकी ८.७ गुण दिले. सात वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच ‘पिचफोर्क’ने त्याच अल्बमला दहापैकी दहा गुण बहाल केले. पुढे २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने आपली सर्वकालीन सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी नव्याने तयार केली, तेव्हा तिच्यात हा अल्बम ३७६ व्या स्थानावर होता.

या संपूर्ण काळात अल्बममधील एकही सूर बदललेला नव्हता. गाणी तीच, त्यांचा क्रम तोच, कर्कश वाटणारे आवाजही तेच. मग बदलले काय? समीक्षकांची पहिली पिढी चुकली आणि दुसरीने ती चूक दुरुस्त केली, असे सोपे उत्तर अनेकदा दिले जाते. परंतु या अल्बमच्या स्वागताचा इतिहास क्रमाने पाहिला, तर हे उत्तर अपुरे ठरते.

गावातल्या मुलांचा बँड

‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ म्हणजे मुख्यत्वे जेफ मँगम. लुईझियाना राज्यातील रस्टन या लहानशा शहरात तो वाढला. शाळेच्या दिवसांपासून त्याची रॉबर्ट श्नायडर, विल कलन हार्ट आणि बिल डॉस या मुलांशी मैत्री होती. घरच्या घरी कॅसेटवर गाणी ध्वनिमुद्रित करायची आणि एकमेकांना ऐकवायची, हा या मित्रांचा छंद. त्यातूनच पुढे ‘एलिफंट सिक्स’ या नावाने ओळखला जाणारा संगीतकारांचा गोतावळा उभा राहिला. श्नायडरचा ‘दि अ‍ॅपल्स इन स्टिरिओ’ आणि हार्ट व डॉस यांचा ‘दि ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोल’ हे बँड याच गोतावळ्यातले.

मँगमचा पहिला अल्बम ‘ऑन एव्हरी आयलंड’ १९९६ मध्ये ‘मर्ज रेकॉर्ड्स’ या कंपनीने काढला. त्यातील बहुतेक काम त्याने श्नायडरच्या मदतीने एकट्यानेच केले होते. त्यानंतर मात्र जेरेमी बार्न्स (ड्रम्स), स्कॉट स्पिलेन (पितळी वाद्ये) आणि ज्युलियन कोस्टर (बँजो, अ‍ॅकॉर्डियन आणि इतर अनेक वाद्ये) हे तिघे त्याच्याबरोबर आले आणि खऱ्या अर्थाने बँड तयार झाला. दुसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण १९९७ च्या उन्हाळ्यात डेन्व्हर येथील ‘पेट साउंड्स’ या घरगुती स्वरूपाच्या स्टुडिओत झाले. निर्मितीची सूत्रे श्नायडरकडेच होती.

येथे ‘इंडी’ या शब्दाचा अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. बड्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेर, लहान आणि स्वतंत्र कंपन्यांमार्फत निघणारे संगीत म्हणजे इंडी. ‘मर्ज’ ही अशीच कंपनी. ‘सुपरचंक’ या बँडमधील मॅक मॅककॉन आणि लॉरा बॅलन्स या दोघांनी ती १९८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात सुरू केली. ‘एअरोप्लेन’च्या पहिल्या खेपेत सीडीच्या सुमारे ५,५०० आणि एलपीच्या सुमारे १,६०० प्रती काढण्यात आल्या. कंपनीची अपेक्षा काय होती, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. जाहिरातीचा गाजावाजा नाही, चित्रफितींचा मारा नाही. पहिल्या परीक्षणांचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा.

अल्बममध्ये आहे तरी काय?

जेमतेम चाळीस मिनिटांच्या या अल्बममध्ये अकरा गाणी आहेत. बहुतेक गाण्यांचा पाया म्हणजे साधी अकूस्टिक गिटार. तिच्यावरील स्वरसंगतीही सोपी, नवशिक्याला महिनाभरात जमावी इतकी. मात्र या साध्या पायावर जी इमारत उभी केली आहे, ती विलक्षण आहे. गज फिरवून वाजविलेली करवत, आयर्लंडची बॅगपाइप, अ‍ॅकॉर्डियन, बँजो, ट्रंपेट व ट्रॉम्बोनचा ताफा, आणि आवाज इतका ताणलेला की गिटार फाटल्यासारखी ऐकू यावी. ‘दि फूल’ या शब्दविरहित रचनेत तर अंत्ययात्रेपुढे चालणाऱ्या बँडची आठवण यावी, असे पितळी वाद्यांचे वादन आहे.

आवाज फाटलेला आहे, म्हणजे ध्वनिमुद्रण निष्काळजीपणे झाले आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो परिणाम श्नायडर आणि मँगम यांनी जाणीवपूर्वक साधला होता. मँगमचे गाणेही त्याच जातीचे. स्वराच्या शुद्धतेपेक्षा तो स्वराच्या जोराला महत्त्व देतो. वरच्या पट्टीत त्याचा आवाज चिरकतो, थरथरतो. तरी तो मागे हटत नाही. ‘ओ कम्ली’ हे आठ मिनिटांहून अधिक लांबीचे गाणे त्याने एका दमात गाऊन ध्वनिमुद्रित केले. ते संपताना स्टुडिओतील कुणाचा तरी आश्चर्याचा उद्गार ऐकू येतो आणि अल्बममध्ये तो तसाच ठेवलेला आहे.

आशयाच्या दृष्टीने पाहता या अल्बमच्या केंद्रस्थानी अ‍ॅन फ्रँक आहे. नाझींपासून लपून राहिलेल्या आणि १९४५ च्या प्रारंभी बर्गन-बेल्सन येथील छळछावणीत मरण पावलेल्या या ज्यू मुलीची दैनंदिनी मराठी वाचकांनाही अनुवादातून परिचित आहे. पहिला अल्बम पूर्ण झाल्यानंतरच्या काळात मँगमने ती वाचली आणि तो हादरून गेला. या मुलीला कालयंत्राने मागे जाऊन वाचविता यावे, अशी कल्पना आपल्या मनात घोळत असे, असे त्याने १९९८ मध्ये ‘पंक्चर’ या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितले होते. तथापि अल्बम म्हणजे अ‍ॅनचे सांगीतिक चरित्र नव्हे. तिची छाया काही गाण्यांवर स्पष्ट आहे, तर काही गाण्यांत मोडलेले संसार, पौगंडावस्थेतील शरीरजाणिवा, भुते, दोन डोक्यांचा मुलगा आणि ख्रिस्ताविषयीची उघड भक्ती असे नाना प्रकार आहेत. हे सारे एकमेकांत मिसळते. त्याचा सरळ अर्थ लावण्याचे काम मात्र श्रोत्यावर सोपविलेले आहे.

पहिली परीक्षणे : कौतुक, पण हात राखून

आता १९९८ च्या परीक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. टेबलावर दर आठवड्याला नव्या सीडींचा ढीग येऊन पडतो. त्यातली एक, एका छोट्या कंपनीची, विचित्र नावाच्या बँडची. जागा एका परिच्छेदाची, मुदत काही दिवसांची. अशा वेळी परीक्षक काय करतो? तो तुलना करतो. ‘पिचफोर्क’च्या पहिल्या परीक्षणात बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चा आणि नव्वदीच्या दशकातील घरगुती ध्वनिमुद्रणाच्या शैलीचा मेळ या अल्बममध्ये पाहण्यात आला. ८.७ हे गुण कमी नव्हेत. तो एक उत्तम अल्बम असल्याचा निर्वाळाच होता. फक्त युगप्रवर्तक कलाकृती म्हणून त्याकडे तेव्हा कुणी पाहत नव्हते.

‘रोलिंग स्टोन’मधील परीक्षण बेन रॅटलिफ यांचे होते. जॅझचे जाणकार आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे दीर्घकाळ समीक्षक असलेले रॅटलिफ हे काही उथळ लेखक नव्हेत. या संगीतातील लोकगीतासारख्या गोडव्याची ज्यांना भुरळ पडणार नाही, त्यांना हा अल्बम अशक्त आणि दिवास्वप्नात हरवलेला वाटेल, अशा आशयाचे मत त्यांनी नोंदविले. पुढील काळात या अल्बमच्या चाहत्यांनी या तीन ताऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. परंतु रॅटलिफ यांचे वाक्य नीट वाचले, तर त्यात एक अट आहे. ज्याला भुरळ पडेल त्याचा अनुभव वेगळा असेल, हे त्यांनी नाकारलेले नाही.

त्याच वर्षअखेरीस ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने देशभरातील समीक्षकांचा ‘पॅझ अँड जॉप’ हा वार्षिक कौल घेतला. त्यात पहिला क्रमांक ल्युसिंडा विल्यम्सच्या ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ने पटकावला आणि ‘एअरोप्लेन’ पंधराव्या स्थानी आला. एका अत्यल्प खपाच्या अल्बमसाठी हे यश मोठेच म्हणावे लागेल. तेव्हा ‘समीक्षकांनी या अल्बमची उपेक्षा केली’ ही जी आख्यायिका पुढे रूढ झाली, ती वस्तुस्थितीला धरून नाही. अल्बमची दखल घेतली गेली होती, त्याचे कौतुकही झाले होते. त्याला देवत्व मात्र तेव्हा मिळाले नव्हते.

मौनाचा काळ

त्यानंतर जे घडले, त्याचा संगीताशी थेट संबंध नाही; पण या अल्बमच्या स्वागतावर त्याचा सर्वाधिक परिणाम झाला. १९९८ चा दौरा आटोपल्यावर मँगम हळूहळू दृष्टीआड झाला. ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’चा तिसरा अल्बम आला नाही. मुलाखती जवळजवळ थांबल्या. २००१ मध्ये त्याच्या नावावर एक ध्वनिमुद्रिका निघाली खरी, पण ती बल्गेरियातील लोकसंगीत महोत्सवात टिपलेल्या आवाजांची. त्यात त्याचे एकही गाणे नव्हते.

कलावंत बोलेनासा झाला की त्याच्या कलाकृतीला अधिक बोलावे लागते. अल्बमच्या शेवटच्या गाण्यानंतर मँगम गिटार खाली ठेवून उठतो आणि निघून जातो, याचा आवाज ध्वनिमुद्रणात ऐकू येतो. १९९८ मध्ये परीक्षणे लिहिणाऱ्यांच्या लेखी तो ध्वनिमुद्रणातील एक बारकावा होता. पाच वर्षांनी ऐकणाऱ्याला तोच आवाज निरोपासारखा वाटू लागला. आवाज तोच, पण त्याच्यापुढे आलेल्या मौनाने त्याचा अर्थ बदलला. २००३ मध्ये अटलांटा येथील एका साप्ताहिकाने मँगमचा शोध घेणारा दीर्घ लेख छापला. प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या जे. डी. सॅलिंजर या कादंबरीकाराशी त्याची तुलना केली जाऊ लागली.

याच सुमारास संगीत ऐकण्याची साधनेही पालटत होती. १९९९ मध्ये ‘नॅपस्टर’ आले आणि गाण्यांच्या फायली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाऊ लागल्या. दुकानात न मिळणारा, रेडिओवर न वाजणारा अल्बम वसतिगृहातल्या खोल्यांपर्यंत पोहोचू लागला. ज्यांनी १९९८ मधील परीक्षणे वाचलीच नव्हती, अशी पिढी तो मित्राच्या शिफारशीवरून ऐकत होती. परीक्षकाला मिळाले होते काही दिवस. या श्रोत्यांकडे वर्षे होती.

पुनर्मूल्यांकनाचे वर्ष

२००३ मध्ये ‘मॅग्नेट’ या नियतकालिकाने १९९३ ते २००३ या दशकातील सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘एअरोप्लेन’ची निवड केली. त्याच वर्षी ‘पिचफोर्क’च्या नव्वदीच्या दशकाच्या यादीत तो चौथ्या क्रमांकावर आला. त्याच्या पुढे होते रेडिओहेडचा ‘ओके कॉम्प्युटर’, माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ आणि दि फ्लेमिंग लिप्सचा ‘दि सॉफ्ट बुलेटिन’. २००५ मध्ये ब्रिटनमधील ‘डोमिनो’ कंपनीने अल्बम पुन्हा प्रसिद्ध केला आणि त्या निमित्ताने ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा गुण दिले. त्याच वर्षी एकेका अल्बमवर स्वतंत्र छोटे पुस्तक काढणाऱ्या ‘थर्टी थ्री अँड अ थर्ड’ या मालिकेत किम कूपर यांचे या अल्बमवरील पुस्तक आले.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. नव्या अल्बमचे परीक्षण आणि पुनर्प्रकाशित अल्बमचे परीक्षण हे दोन वेगळे लेखनप्रकार आहेत. पहिल्यात परीक्षक ‘हे विकत घ्यावे का?’ या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्यात तो ‘याचे पुढे काय झाले?’ हे सांगतो. २००५ चा परीक्षक केवळ गाणी ऐकत नव्हता. सात वर्षांत त्या गाण्यांभोवती जमलेले चाहते, मँगमचे मौन आणि नव्या बँडवरील प्रभाव हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर होते. कॅनडातील ‘आर्केड फायर’ या बँडने आपल्या पहिल्या अल्बमसाठी ‘मर्ज’ची निवड केली, त्यामागे ही ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ची कंपनी होती हे एक कारण होते. २००४ मध्ये ‘फ्युनरल’ या अल्बमने ‘आर्केड फायर’ला मोठे यश मिळवून दिले आणि त्याचा उजेड मागे ‘एअरोप्लेन’वरही पडला.

बाजारानेही या निकालाला दुजोरा दिला. २००८ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या एलपी तबकड्यांमध्ये हा दहा वर्षे जुना अल्बम सहाव्या क्रमांकावर होता. पिंक फ्लॉइडच्या ‘दि डार्क साइड ऑफ दि मून’च्याही पुढे. २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी या अल्बमवर आणि अ‍ॅन फ्रँकच्या कथेवर आधारित नाटक रंगमंचावर आणले. गायिका अमांडा पामर ही त्या शाळेची माजी विद्यार्थिनी या उपक्रमात सहभागी होती.

आक्षेपांची दुसरी बाजू

दहापैकी दहा गुण मिळाले म्हणजे वाद मिटला, असे नाही. उलट अल्बम पूजास्थानी गेल्यावरच त्याच्याविषयीचे आक्षेप अधिक तीव्र झाले. त्यातील काही आक्षेप केवळ चाहत्यांच्या अतिउत्साहाविरुद्ध होते. विशिष्ट अभिरुचीच्या तरुणांचे ओळखपत्र बनल्यामुळे हा अल्बम विनोदाचा विषयही झाला. या प्रकारच्या टीकेला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. छळछावणीत मृत्यू पावलेल्या एका खऱ्या मुलीला आपल्या स्वप्नसृष्टीतील पात्र करण्याचा अधिकार गीतकाराला आहे काय? त्यातही ज्या गाण्यांत प्रेम आणि शरीर यांच्या प्रतिमा सतत येतात, त्यांच्या शेजारी तिची आठवण ठेवणे उचित आहे काय? समर्थक म्हणतात, की इतिहासाच्या पुस्तकातील एका आकड्याला पुन्हा माणूस करण्याचा हा प्रयत्न आहे आणि मँगमचा शोक खरा आहे. विरोधकांच्या मते शोक खरा असला, तरी त्याच्या केंद्रस्थानी शेवटी गायकच उरतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आश्चर्य याचेच, की ८.७ आणि १० या आकड्यांच्या चर्चेत हा प्रश्न फारच कमी वेळा आला.

तिसरी कसोटी मँगमने स्वतःच घेतली. २०११ मध्ये त्याने एकट्याने कार्यक्रम करण्यास पुन्हा प्रारंभ केला आणि २०१३ ते २०१५ या काळात संपूर्ण बँड दौऱ्यावर निघाला. ज्या मौनावर आख्यायिका उभी होती, ते मौन सुटले. अल्बमची थोरवी केवळ त्या गूढतेवर अवलंबून असती, तर या दौऱ्यात ती ओसरली असती. प्रत्यक्षात सभागृहे भरली आणि प्रेक्षक ती गाणी शब्दन् शब्द म्हणत होते. गूढतेने अल्बमला श्रोते मिळवून दिले असतील. त्यांना टिकवून ठेवले ते गाण्यांनी.

गुणांचे मोल किती?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तीन तारे बरोबर की दहा गुण? या प्रवासावरून असे दिसते, की दोन्ही आकडे आपापल्या दिवशीचे आहेत. पहिल्या परीक्षकाने अल्बम एकट्याने, संदर्भाविना ऐकला. दुसऱ्याने तो हजारो श्रोत्यांच्या सोबतीने ऐकला. पहिल्याला गर्दीचे दडपण नव्हते, हा त्याचा लाभ. काळाची साथ नव्हती, ही त्याची मर्यादा. दुसऱ्याच्या बाबतीत नेमके उलट होते. म्हणूनच २००५ चे दहा गुण १९९८ च्या ८.७ पेक्षा आपोआप अधिक खरे ठरत नाहीत.

निकाल देणाऱ्या संस्थाही अढळ राहिल्या नाहीत. ‘व्हिलेज व्हॉइस’ची छापील आवृत्ती २०१७ मध्ये बंद झाली. एकेकाळी एका गुणाने बँडचे भवितव्य ठरविणारे ‘पिचफोर्क’ २०२४ मध्ये ‘जीक्यू’ या नियतकालिकाच्या छत्राखाली नेण्यात आले. नव्या अल्बमची शिफारस आता अनेकदा संगणकीय प्रणाली करते आणि ती कारणे देत नाही. या पार्श्वभूमीवर रॅटलिफ यांच्या त्या उपहासित परीक्षणाचे महत्त्व उलट वाढते. त्यांनी तीन तारे दिले, पण का दिले तेही लिहिले. त्यामुळेच आज एखादा श्रोता त्यांच्याशी मुद्देसूद वाद घालू शकतो.

सामान्य रसिकाने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. परीक्षण वाचताना प्रथम त्याची तारीख पाहावी, मग कारणे वाचावीत आणि आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आणि ‘एअरोप्लेन’ अद्याप ऐकला नसल्यास किमान दोनदा ऐकावा. पहिल्या वेळी मँगमचा चिरकणारा आवाज बहुधा खटकेल आणि रॅटलिफ यांचे म्हणणे पटेल. दुसऱ्या वेळीही तेच पटले, तरी त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.